वीस इंचांत बसवलेली ताई

माझं काम म्हणजे लोकांना बारीक करणं. असं सांगितलं की समोरच्याला वाटतं, ही कुठल्या तरी जिममध्ये असणार. मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात डिझाइन करते. वाढदिवसाचे बॅनर, क्लासच्या जाहिराती, दुकानांच्या पाट्या, श्रद्धांजल्या. ज्याचा वाढदिवस असेल त्याचा फोटो कार्यकर्ते फोनवर पाठवतात आणि खाली न चुकता लिहितात, 'मॅडम, साहेबांना जरा फ्रेश करा.' फ्रेश म्हणजे रंग दोन पायऱ्या उजळ, डोळ्यांखालचं काळं साफ, हनुवटीखालची दुसरी हनुवटी गायब आणि बटणांवर ताणलेलं पोट आत. आता तर कुणी लिहिलं नाही तरी हात आपोआप करतो. मेलेल्या माणसांचंही करतो. एकदा एका बाईंच्या श्रद्धांजलीच्या बॅनरवर मी त्यांचे दंड बारीक केले, तर त्यांच्या मुलाने मुद्दाम फोन करून आभार मानले. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता वाटतं, पण काम तेच चालू आहे.

घरी आम्ही दोघी, मी आणि माझी मोठी बहीण. घाटकोपरला पुनर्वसनाच्या इमारतीत सातव्या मजल्यावर आमची खोली आहे. आई गेल्यापासून दोघीच. मी लग्न केलं नाही आणि ताईचं झालं नाही, हा फरक शेजारपाजारच्यांना बरोबर कळतो.

ताई जाड आहे. लोक 'अंगाने भरलेली' म्हणतात, 'तब्येत चांगली आहे' म्हणतात, ताई स्वतः सरळ 'जाडी' म्हणते. आपणच आधी बोलून टाकलं की समोरच्याला बोलायला काही उरत नाही, असा तिचा हिशोब. रिक्षात बसताना 'सरक गं, ट्रक आला' म्हणते आणि सगळ्यांच्या आधी हसते. पाहुणे बघायला यायचे त्या काळातही ती अशीच हसायची. त्यातला एक जण, स्वतः चांगला आडवातिडवा, जाताना जिन्यात म्हणाला होता, 'मुलगी चांगली आहे, पण घरात मावायला पाहिजे.' दार उघडंच होतं. ताई आत कपबश्या विसळत होती. मी तेव्हा शाळेत होते. त्या माणसाच्या मागे धावत जाऊन काहीतरी फेकून मारावं असं मला फार वाटलं होतं, आणि मी काहीच केलं नाही.

ती मुलुंडच्या एका शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करते आणि वाढते. मुलं तिला मावशी म्हणतात. तिच्या हातचा उपमा खायला वर्गातून पळून येणारी मुलं आहेत, हे ती मला महिन्यातून दोनदा तरी सांगते.

एक दिवस एका मंडळाच्या बाई दुकानात आल्या, शाळांसाठी पोस्टर करून घ्यायला. शाळाशाळांमधून मुलींशी बोलायला जाणारं त्यांचं एक छोटं मंडळ आहे. त्या म्हणाल्या, सातवी-आठवीतल्या मुली डबा न खाता परत नेतात, बाकावरून उठताना दप्तर पोटाशी धरतात, फोटो काढायचा म्हटलं की मागे लपतात. त्यांना स्वतःच्या शरीराची लाज वाटू नये म्हणून शाळेच्या भिंतीवर काहीतरी लावायचं होतं. सोबत त्यांनी इंटरनेटवरून काढलेले नमुने आणले होते. फिकट गुलाबी रंग, केसांत फुलं माळलेली गोल गोल बाई, डोळे मिटून स्वतःलाच मिठी मारून हसते आहे. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, 'बाई, अशी बाई मी घाटकोपर ते अंधेरी कधी बघितली नाही. या मुलींनी तरी कुठे बघितली असणार? खरी बाई उभी करू या.'

'कुठली?' त्या म्हणाल्या.

माझ्या डोक्यात तोवर ताई उभी राहिली होती.

तिची शाळाही बाईंच्या यादीत होती. ताईला विचारलं तेव्हा ती भाजी निवडत होती. आधी हसली. मग म्हणाली, 'वेडी आहेस का गं? मुलं माझ्या हातचं खातात. त्यांना भिंतीवर पण मीच दिसू?'

'म्हणूनच तर. तुला ओळखतात ती.'

'आणि लिहिणार काय? जाडी बाई?'

मी तिला सांगितलं काय लिहिणार ते. 'मी एवढी आहे.' बस, एवढंच. ना सुंदर, ना निरोगी, ना बिनधास्त. आणि ती सरळ उभी, डोक्यापासून पायापर्यंत.

ती मेथीच्या काड्या एकीकडे, पानं एकीकडे करत राहिली. मग म्हणाली, 'एक सांगते. त्या तुझ्या पुढाऱ्यांसारखं माझं काही करायचं नाही. पोट कापायचं नाही, दंड कापायचे नाहीत. उभी करणार असशील तर आहे तेवढी कर. नाहीतर राहू दे.'

मी म्हटलं, 'शपथ.'

'शपथ नको. कर फक्त.'

रविवारी सकाळी गच्चीवर फोटो काढले. पाण्याच्या टाकीला चादर बांधली. ताईने अंजिरी रंगाचा पंजाबी ड्रेस घातला होता, ओढणी घेतली नव्हती. ओढणीशिवाय ती मला पहिल्यांदाच दिसत होती म्हटलं तरी चालेल. पहिले पंधरा-वीस फोटो वाया गेले. ती श्वास आत ओढून उभी राहत होती, पोट धरून. मी म्हणायचे, सोड. ती सोडायची, मी फोन वर केला की पुन्हा धरायची. शेवटी खालच्या मजल्यावरची कुणीतरी कपडे वाळत घालायला आली, ताई तिच्याशी पाणी कधी आलं, किती वेळ आलं यावर बोलत राहिली, आणि बोलता बोलता वळून माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात मी फोटो काढला. त्यात तिचं पोट जिथे असायला हवं तिथे होतं, हात दोन्ही बाजूंना सैल होते आणि चेहऱ्यावर पाण्याचा थोडा राग होता. फारच चांगला फोटो होता तो.

अक्षरं मी हाताने काढली. हे मला वडिलांकडून आलं. ते जालन्याकडून मुंबईत आले आणि आयुष्यभर पाट्या रंगवत राहिले, आणि जयंतीला वस्तीतले सगळे बोर्ड एकटे रंगवायचे. दोऱ्याला खडूची पूड लावून शिरोरेघ मारायचे आणि तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचे. 'व', 'ढ' यांच्या गोल भागाला ते पोट म्हणायचे. पोट मोकळं पाहिजे, त्यात हवा खेळली पाहिजे, म्हणायचे. कॉम्प्युटरवरचे फॉन्ट मला या कामाला चालण्यासारखे नव्हते, सगळे अंग चोरून बसलेले. मी ब्रशने काढलं. 'मी'ची उभी रेघ अशी जाड की तिला टेकून उभं राहावं. 'ढ' तर मी तीन दिवस काढत होते. एका ओळीत तीन शब्द, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, मध्ये श्वास घ्यायलाही जागा न सोडता. खाली ताई. चोवीस इंच रुंद, छत्तीस इंच उंच. मंडळाच्या बाईंना पाठवलं तर त्यांचं उत्तर आलं, 'हे बघून मी माझ्या मुलीला हाक मारली.' दुकानातल्या छपाईवाल्यानेही मशीन थांबवून बघितलं. तो मालवणचा, स्तुती करणं त्याच्या स्वभावात नाही. म्हणाला, 'ह्या बरा झाला.' मी दिवसभर हवेत होते.

ज्या दिवशी छपाई होती त्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला. शाळांमधले काचेचे बोर्ड मोजले होते. चोवीस नाहीत, वीस इंच रुंदीचे आहेत, उंची तेवढीच. आणि टेम्पो चार वाजता येणार, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या शाळांमध्ये एकदम लागायची होती.

छपाईवाल्याने मान वळवून विचारलं, 'दाबून बसवू?'

आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. मोठ्या बोर्डाचं डिझाइन लहान बोर्डात बसवायचं असेल तर सगळं निवडायचं, उजव्या कडेचा ठिपका धरायचा आणि आत ढकलायचा. अक्षरं चेपतात, माणसं उंच दिसायला लागतात. रस्त्यावरचे अर्धे बॅनर असेच दाबलेले असतात, तुम्ही रोज बघता, तुमच्या लक्षात येत नाही. नीट करायचं तर मला ती ओळ मोडून दोन ओळींत पुन्हा काढावी लागली असती. दीड-दोन तासांचं काम. टेम्पोला थांब म्हणता आलं असतं. बाईंना म्हणता आलं असतं की उद्या नाही, परवा लावा.

मी म्हटलं, 'थांब, मी करते.' आणि ठिपका धरून आत ढकलला.

अक्षरांची पोटं बसली. आणि खाली ताई बारीक झाली. पाच-दहा किलोंनी नव्हे, चांगली बारीक. कंबर दिसायला लागली. दंड खांद्यातून नीट उतरले. गळ्याला लांबी आली. मी हात माउसवरून काढला आणि बघत राहिले. इथे मला खोटं लिहायचं नाही. मला ते दिसलं, स्वच्छ दिसलं, आणि पहिला विचार मनात आला तो असा, की ताई किती छान दिसते. त्याच्या मागोमाग दुसरा आला, की एवढी असती तर तिचं सगळं वेगळं झालं असतं. शपथ, शब्द, पोट कापायचं नाही, हे सगळं त्याच्या नंतर आठवलं. तोवर छपाईवाला म्हणाला, 'प्रिंट मारू?' आणि मी म्हटलं, 'मार.'

पोस्टर लागली. ताईच्या शाळेत ते कँटीनच्या दारासमोरच्या बोर्डात लागलं, बरोबर जिथे मुलं रांगेत उभी राहतात तिथे.

त्या दिवशी मी लवकर घरी आले. ताई आधीच आलेली होती, पायातली मोजडी न काढता खुर्चीवर बसली होती. मी विचारलं, 'बघितलंस?'

'बघितलं.' ती म्हणाली, 'सहावीतली एक मुलगी आहे. गुणी आहे, कधी वाईट बोलत नाही. ती पोस्टरकडे बघते, माझ्याकडे बघते, परत पोस्टरकडे बघते. मग विचारते, मावशी, तुम्ही आधी बारीक होता का?'

मी पिशवी खुंटीला अडकवली.

'मग बाकीच्या पण बघायला लागल्या. एक टीचर म्हणाल्या, फोटोत झकास दिसताय, मेंटेन करायचं ना. दिवसभर तेच. वाढता वाढता मला असं वाटत होतं की मी तिथून हलावं, पण हलू कुठे, टेबल तिथेच आहे.' तिने माझ्याकडे बघितलं. 'फोटो दाबलास का गं?'

'बोर्ड लहान निघाले,' मी म्हटलं. 'ऐन वेळी कळलं. सगळं एकदम बसवायला लागलं. टेम्पो दारात होता. माझ्या लक्षातच आलं नाही, ताई.'

'लक्षात नाही आलं?'

'नाही गं. बघितलंच नाही मी.'

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग तिचा चेहरा सैल पडला, पार माझ्या डोळ्यांदेखत. 'असं झालं होय,' ती म्हणाली. 'मला वाटलं, मुद्दाम केलंस. दिवसभर तेच डोक्यात होतं. म्हटलं, हिला पण मी अशीच पाहिजे होते की काय. जाऊ दे. घाईत होतं असं.' आणि उठून तिने चहा ठेवला. जाताना माझ्या डोक्यावर टपली मारली. त्या टपलीने मला जेवढं लागलं तेवढं कुणाच्या शिवीनेही लागलं नसतं.

पुढचे पंधरा-वीस दिवस मी घरी नीट बोलत नव्हते. तिच्यावरच चिडायचे. मीठ जास्त झालं, पंखा बंद कर, फोनचा आवाज कमी कर. दुकानात सुट्टीच्या दिवशी जाऊन मी ओळ पुन्हा काढली, दोन ओळींत. 'मी एवढी' वर, 'आहे' खाली, वीस इंचांत, ताईला कुठेही हात न लावता. ती आता दोन्ही कडांना जवळजवळ टेकत होती. पहिल्यापेक्षा चांगलं झालं होतं. सगळ्या शाळांसाठी छापून घेतलं, गुंडाळी करून मेट्रोने घरी आणलं. मला वाटत होतं, ही लागली की झालं. झालेलं सगळं पुसलं जाईल.

ताईने एक पोस्टर पलंगावर उलगडून बघितलं. चारी कोपऱ्यांवर डबे ठेवले होते. ती उभी राहून बघत होती.

'ही मी आहे,' ती म्हणाली.

'उद्या बाई येऊन बदलतील. मी बोलले आहे त्यांच्याशी.'

'नको.'

'का?'

'अगं, इतके दिवस मुलांनी मला बारीक बघितलंय. आता हे लावलंस तर काय म्हणतील? मावशी परत जाडी झाली.' ती हसली नाही. एरवी अशा वाक्यावर ती सगळ्यांच्या आधी हसली असती. 'आता विसरलीत ती. कुणी बघत पण नाही तिकडे. राहू दे.'

मी वाद घातला. मुलींसाठी काम आहे, म्हटलं. ज्या मुली दप्तर पोटाशी धरून उठतात त्यांनी काय बघायचं, तो दाबलेला फोटो? आपण त्यांना खोटं दाखवतोय, हे चुकीचं आहे. मी खूप बोलले, आवाज चढवून बोलले.

ताई डबे उचलत होती. म्हणाली, 'तू एवढी का चिडतेस? चूक झाली तुझ्याकडून. मी काही बोलले का?'

आणि मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, 'चूक नव्हती ती. मला दिसलं होतं. छापायच्या आधी मी बघितलं होतं, ताई. तू बारीक झालेली मला दिसलीस आणि मला तू छान वाटलीस. म्हणून मी थांबवलं नाही.'

बोलून टाकल्यावर मला हलकं वाटलं. खरंच वाटलं, अगदी क्षणभर. म्हणजे मी सगळं बोलले ते माझ्यासाठीच बोलले, हे त्या हलकेपणावरूनच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

ताईने शेवटचा डबा उचलला आणि पोस्टर आपोआप गुंडाळलं गेलं. ती पलंगाच्या कडेवर बसली.

'मला अंदाज होता,' ती म्हणाली. 'तू सोळा वर्षं हेच करतेस. तुला दिसलं नाही, असं होईल का? पण तू नाही म्हणालीस, तर मी तेच धरून चालले होते. बाहेरचे सगळे बघतात तसं बघतात, त्याचं मला काही नाही, सवय आहे. घरात एक माणूस तसं बघत नाही, एवढं होतं माझ्याकडे. तेवढं ठेवायचंस ना गं.'

मी तिच्या पायाशी बसले, सॉरी म्हटलं, रडलेसुद्धा. तिने माझी पाठ थोपटली. आईने थोपटावी तशी, पण हात लवकर काढून घेतला.

पोस्टरची गुंडाळी पलंगाखाली पडून आहे. मंडळाच्या बाईंना मी काहीतरी कारण सांगितलं. शाळेत दाबलेलं पोस्टर अजून आहे, पुढच्या वर्षापर्यंत राहील, मग कुठली तरी दुसरी मोहीम येईल.

आमच्यात भांडण नाही. ताई माझ्याशी पूर्वीसारखीच बोलते, शाळेतल्या मुलांच्या गमती सांगते, माझ्या खोकल्याला काढा करून देते. फक्त माझ्यासमोर जेवत नाही. मी कामावरून आले की म्हणते, 'माझं झालं, तू बस.' मला वाढते, समोर बसते, भाकरी संपत आली की दुसरी घालते. काल मी म्हटलं, 'ताई, थोडं घे ना माझ्याबरोबर.' ती म्हणाली, 'अगं, पोट भरलंय.' मी हात धुवायला उठले तेव्हा बघितलं, मांडणीवर तिचं ताट सकाळी पुसून ठेवलेलं तसंच कोरडं होतं.